पाण्यातील फ्लोराइड आणि स्वस्त गाळणीचा हिशेब

पाणी चांगले की वाईट हे ठरवण्यासाठी माणसाजवळ तीन पंच आहेत : डोळा, नाक आणि जीभ. गढूळ पाणी डोळा पकडतो, कुजलेले नाक पकडते आणि खारट-मचूळ जीभ पकडते. फ्लोराइड असलेले पाणी मात्र या तिन्ही पंचांसमोरून निर्दोष सुटते. ते नितळ असते, त्याला वास नसतो, आणि चवीला ते पुष्कळदा शेजारच्या विहिरीच्या पाण्याहून बरेच लागते. त्यामुळे त्याची ओळख पटते ती मुलांच्या दातांवर उमटलेल्या पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांवरून, आणि त्याहून पुष्कळ उशिरा, वडीलधाऱ्या माणसांच्या आखडलेल्या पाठीवरून व गुडघ्यांवरून.

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात हा रसायनाचा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. मी भूगोलाचा विद्यार्थी आहे आणि रसायनाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला होता. तो पुन्हा जुळला तो राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरामुळे. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात एका गावी आमच्या गटाकडे पाणवठ्यांची पाहणी करण्याचे काम होते. सोबत फ्लोराइड तपासण्याची एक छोटी पेटी होती. तिच्यातील लाल द्रावणाचे थेंब पाण्याच्या नमुन्यात टाकायचे. फ्लोराइड जितके अधिक तितका लाल रंग पिवळ्याकडे झुकतो. मग तो रंग शेजारच्या रंगपट्टीशी ताडून पाहायचा. (हे द्रावण झिर्कोनियम आणि अलिझरीन नावाच्या रंगद्रव्याचे असते.) त्या गावी सर्वांत पिवळा रंग ज्या हापशीच्या पाण्याने दाखवला, तीच हापशी गावाची सर्वांत आवडती होती. कारण विचारले तर बायकांनी सांगितले की या पाण्यात डाळ लवकर शिजते. हे कारण ऐकून आम्ही हसलो नाही हे बरे झाले, कारण त्या सांगण्यात सगळे रसायन दडलेले आहे. ते पुढे येईलच.

गावकऱ्यांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला : हे पाणी गाळायला घरातले, स्वस्तातले काही आहे का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी परत आल्यावर जे वाचले, त्याचा हा गोषवारा आहे. वाचताना मी प्रथम हर्षभरित झालो आणि नंतर गोंधळलो. विटांचा चुरा, जांभा दगड, भाताच्या तुसाची राख, चिंचोके, शेंगांची टरफले, नारळाची करवंटी, तुळशीची पाने, लाकडाचा भुसा अशा शेकडो वस्तूंनी पाण्यातील फ्लोराइड निघते, असे सांगणारे निबंध जगभर प्रसिद्ध झाले आहेत. मग यांपैकी एकही वस्तू आमच्या शिबिराच्या गावात का पोहोचली नाही?

आधी रोगाविषयी थोडे. भारतात या विकाराची शास्त्रीय नोंद १९३७ साली झाली. त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडांच्या फ्लोरोसिसचे रुग्ण तपासले. तो भाग आज आंध्र प्रदेशात मोडतो. तेथील शेतकऱ्यांच्या हे माणसांच्या आधी बैलांत लक्षात आले होते. बैलांचे सांधे आखडत आणि त्यांना चालवेना. पुढे १९४० साली चिंतामण गोविंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या दातांवरील डाग व प्रौढांच्या हाडांतील विकृती यांमागील कारणांचा शोध घेणारा निबंध प्रसिद्ध केला. हेच पंडित पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. म्हणजे रोग समजून घेण्यात आपण मागे नव्हतो.

प्रमाणाची गोष्ट अशी. भारतीय मानकानुसार (२०१२ ची आवृत्ती) पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा पाणवठाच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ हीच आहे. त्यापुढे दातांवर डाग पडू लागतात, वर्षानुवर्षे ३ ते ६ मिलिग्रॅमचे पाणी पिण्यात आले तर हाडांवर परिणाम होतो, आणि १० च्या पुढे माणूस पंगू होण्यापर्यंत मजल जाते. पाणी उकळून हे संकट टळत नाही; पाण्याची वाफ होते, फ्लोराइड भांड्यातच राहते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते.

हे फ्लोराइड येते कोठून? ते कोणी टाकलेले नाही. खडकांतील फ्ल्युओराइट, ॲपेटाइट, अभ्रक यांसारख्या खनिजांतून ते हळूहळू पाण्यात उतरते. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव येथे तर फ्ल्युओराइटचा साठाच आहे. महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर पसरलेल्या काळ्या बेसॉल्टमधील पाण्यात ते साधारणपणे कमी सापडते. पूर्व विदर्भाकडे आणि नांदेडच्या काही भागांत, जेथे बेसॉल्टचा थर संपतो किंवा पातळ होऊन जुने खडक वर येतात, तेथे ते अधिक आढळते. पांढरकवडा भागातील भूजलाविषयी २००७ साली ‘करंट सायन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पाणी खडकात जितके खोल आणि जितका दीर्घ काळ मुरलेले, तितका खनिजांशी त्याचा सहवास अधिक. म्हणून पुष्कळ ठिकाणी उथळ विहिरीपेक्षा खोल कूपनलिकेचे पाणी अधिक दूषित निघते.

येथे एक विचित्र योगायोग नोंदवावासा वाटतो. खोल पाणी हाताने उपसणारा जो मजबूत हातपंप पुढे ‘इंडिया मार्क २’ या नावाने देशभर पसरला, त्याचे पूर्वज महाराष्ट्रातलेच : जालना पंप आणि सोलापूर पंप. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे कूपनलिका खणल्या गेल्या त्या उपकाराच्याच भावनेने, आणि उपकार खराही होता. उघड्या विहिरींच्या पाण्यातून येणारा पटकी आणि पायऱ्यांच्या विहिरींतून येणारा नारू यांपासून लाखो माणसे वाचली. काही गावांत मात्र त्याच नळीतून, कोणाच्याही ध्यानात न येता, हे दुसरे दुखणे वर आले.

आता डाळीचे कोडे. डाळ लवकर शिजत नाही ती पाण्यातील कॅल्शियममुळे. असे पाणी आपण जड म्हणतो. कॅल्शियम आणि फ्लोराइड यांची गाठ पडली की त्यांचा न विरघळणारा साका होतो आणि तो खाली बसतो. अर्थात जेथे कॅल्शियम भरपूर, तेथे फ्लोराइड फार वाढू शकत नाही. जे पाणी खडकातून जाताना आपले कॅल्शियम गमावून बसले आहे आणि ज्यात सोडियम व बायकार्बोनेट यांचे राज्य आहे, त्याच पाण्यात फ्लोराइड मोकळे फिरते. डाळ लवकर शिजवणारे पाणी आणि फ्लोराइडचे पाणी पुष्कळदा एकच निघते ते याच कारणाने.

यावर कोणी म्हणेल, मग पाण्यात चुना टाकावा, म्हणजे कॅल्शियम मिळेल. कल्पना बरोबर आहे, पण अपुरी. ज्या साक्याला आपण न विरघळणारा म्हटले तो थोडासा विरघळतोच, आणि त्या ‘थोड्याशा’त लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम फ्लोराइड पाण्यात राहून जाते. कारखान्याच्या सांडपाण्यात शेकड्यांनी फ्लोराइड असते, तेथे चुना उपयोगी पडतो. आपल्याला मात्र ४ वरून १ वर यायचे आहे. म्हणून दुसरी वाट धरावी लागते, ती अधिशोषणाची.

अधिशोषण

शोषण आणि अधिशोषण यांत भेद आहे. टीपकागद शाई शोषतो तेव्हा शाई त्याच्या अंगात मुरते. गवतातून चालताना धोतराला कुसळे चिकटतात ती धाग्यात मुरत नाहीत, कापडाच्या पृष्ठावर अडकतात. पदार्थाच्या पृष्ठावर दुसऱ्या पदार्थाचे कण असे अडकून राहणे म्हणजे अधिशोषण. आणि ज्याच्या पृष्ठावर ते अडकतात तो अधिशोषक. साहजिकच पृष्ठ जितके मोठे तितके अडकणारे अधिक. क्रियाशील ॲल्युमिना नावाचा जो पांढरा, रवाळ अधिशोषक बाजारात मिळतो, त्याच्या एका ग्रॅमच्या अंगात इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की त्यांचे सगळे पृष्ठ उलगडले तर दोनशे चौरस मीटरांहून अधिक भरेल. आमच्या महाविद्यालयाचे दोन-तीन वर्ग चिमूटभर भुकटीत बसवल्यासारखे हे आहे.

परंतु नुसते पृष्ठ मोठे असून भागत नाही. फ्लोराइडच्या आयनावर ऋण विद्युतभार असतो. पृष्ठावर धन भार असेल किंवा तेथे असा एखादा सोबती असेल की जो आपली जागा फ्लोराइडला देऊन स्वतः पाण्यात जाईल, तरच फ्लोराइड अडकते. ॲल्युमिनियम, लोह यांच्या ऑक्साइडांच्या पृष्ठावर हायड्रॉक्सिल नावाचे गट असतात. त्यांचा आकार आणि भार फ्लोराइडशी जवळजवळ जुळतो. म्हणून ही अदलाबदल तेथे सहज होते. हाडांतही तेच होते. हाडाच्या खनिजातील हायड्रॉक्सिल जाते, फ्लोराइड येते. दुर्दैवाने जिवंत माणसाच्या हाडातही हेच घडते, आणि ज्या गुणामुळे हाडांचा कोळसा उत्तम गाळणी ठरतो त्याच गुणामुळे पाठीचा कणा आखडतो.

या एका कसोटीवर पुष्कळ ‘स्वस्त’ वस्तू आपोआप चाळल्या जातात. विटांचा चुरा व जांभा यांत ॲल्युमिनियम आणि लोह यांची ऑक्साइडे असतात, म्हणून त्यांचा दावा समजण्यासारखा आहे. कोकणात घराच्या भिंती ज्याने बांधतात तो जांभा विदर्भाच्या पाण्याला उपयोगी पडावा ही कल्पना भूगोलाच्या विद्यार्थ्याला मोहात पाडणारी आहे. फक्त वाहतुकीचे भाडे मध्ये आडवे येते. करवंटी, टरफले, चिंचोके यांपासून केलेल्या कोळशाचे मात्र तसे नाही. कोळशाचे पृष्ठ अफाट असते, रंग आणि वास ते झटकन धरते. पण पिण्याच्या पाण्याच्या परिस्थितीत त्याच्यावर बहुधा ऋण भारच असतो, आणि ऋण भार ऋण भाराला जवळ करत नाही. म्हणून नुसत्या कोळशाकडून फार अपेक्षा करू नये. त्यावर तुरटीचे पाणी देऊन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा लेप चढवला की गोष्ट बदलते. २०११ साली गणवीर आणि दास यांनी तुसाच्या राखेवर असा लेप चढवून प्रयोग प्रसिद्ध केले. अशा प्रयोगांत खरे काम करते ते ॲल्युमिनियम. राख ही त्याची पाटी आहे, एवढे लक्षात ठेवावे.

दुसरी कसोटी सामूची. पाणी आम्ल की अल्कली हे दाखवणारा हा अंक. ७ म्हणजे मध्यम, खाली आम्ल, वर अल्कली. ॲल्युमिना ५ ते ६ सामूला उत्तम काम करतो. सामू ८ च्या पुढे सरकला की त्याच्या पृष्ठावरील धन भार ओसरतो आणि पाण्यातील हायड्रॉक्सिल आयन फ्लोराइडशी स्पर्धा करू लागतात. आणि आपण आताच पाहिले की फ्लोराइडचे पाणी बायकार्बोनेटचे, म्हणजे अल्कलीकडे झुकलेले असते. पुष्कळ निबंधांतील उत्तम निष्कर्ष सामू ३ किंवा ४ वर काढलेले असतात. तितके आंबट पाणी कोणी हंड्यात भरून ठेवत नाही.

तिसरी कसोटी समजायला थोडी अवघड आहे, म्हणून मी एस.टी.ची मदत घेतो. अधिशोषकाच्या पृष्ठावरील जागा म्हणजे गाडीतील आसने. स्थानकावर मोठी गर्दी असेल तर सर्व आसने भरतात. चारच प्रवासी असतील तर गाडी बरीच रिकामी जाते. आयर्विंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१८ साली हाच संबंध सूत्रात बसवला, आणि पृष्ठरसायनातील कामाबद्दल त्याला १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगशाळेत लिटरमागे २०-५० मिलिग्रॅम फ्लोराइड मिसळून प्रयोग केला की आसने भरतात आणि अधिशोषकाची क्षमता भरघोस दिसते. गावच्या पाण्यात प्रवासी तीन-चारच असतात. शिवाय बायकार्बोनेट, फॉस्फेट यांसारखे आगंतुक आधीच खिडकीतून रुमाल टाकून बसलेले असतात! ऊर्ध्वपातित पाण्यात काढलेला आकडा म्हणूनच गावच्या विहिरीवर तसाच्या तसा लावता येत नाही.

टक्केवारीचेही तसेच. ‘नव्वद टक्के फ्लोराइड निघाले’ हे वाक्य ऐकायला छान वाटते. पण २० मधून नव्वद टक्के काढले तरी २ उरतात आणि पाणी पिण्यास अयोग्यच राहते. उलट ३ मधून साठ टक्केच निघाले तरी १.२ वर येऊन आपण जवळजवळ सुटतो. वाचकाने टक्के विचारू नयेत. किती उरले आणि त्यासाठी किती भुकटी लागली, हे दोन प्रश्न विचारावेत.

स्वस्त म्हणजे किती

तेव्हा भुकटीचाच हिशेब करू. पाच माणसांच्या घराला पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला २० लिटर पाणी धरा. पाण्यात फ्लोराइड ४ मिलिग्रॅम आहे, ते १ वर आणायचे. म्हणजे लिटरमागे ३ आणि दिवसाला ६० मिलिग्रॅम फ्लोराइड काढायचे. महिन्याला झाले १८०० मिलिग्रॅम.

क्रियाशील ॲल्युमिना गावच्या पाण्यात ग्रॅमला दीड मिलिग्रॅम फ्लोराइड धरतो असे समजू. मग महिन्याला १२०० ग्रॅम, म्हणजे सव्वा किलोच्या आत काम होते. विटांचा चुरा ग्रॅमला एक दशांश मिलिग्रॅम धरतो असे हिशेबापुरते मानले, तर महिन्याला १८ किलो चुरा लागेल. एका घराला वर्षाला २१६ किलो, दोन क्विंटलांहून अधिक. दोनशे उंबऱ्यांच्या गावाला महिन्याला ३६ क्विंटल. वीट फुकट मिळाली असे धरा. ती फोडायची कोणी, चाळायची कोणी, धुवायची कोणी, दर महिन्याला गाळणीत भरायची आणि जुनी उपसायची कोणी? आमच्याकडे पाण्याचे जे काम असते ते बाईच्या वाट्याला येते. किलोला फुकट असलेली वस्तू तिच्या कमरेला सर्वांत महाग पडते. अर्थशास्त्राच्या वर्गात ज्याला आपण श्रमाची किंमत म्हणतो ती या ‘स्वस्त’ शब्दातून बहुतेक निबंधांनी गाळून टाकली आहे, आणि माझी तक्रार एवढीच आहे.

याचा अर्थ विटेची गाळणी टाकाऊ असा नाही. श्रीलंकेत ती घरोघर चालवून पाहिली गेली आहे. उभ्या नळकांड्यात मंद भाजलेल्या ताज्या विटांचे तुकडे भरायचे, पाणी खालून वर सावकाश चढू द्यायचे, आणि ठरावीक काळाने विटा बदलायच्या. पाण्यात फ्लोराइड थोडेच अधिक असेल, वीटभट्टी जवळ असेल आणि घरात फक्त पिण्यापुरतेच पाणी गाळायचे असेल, तर वरचा हिशेब पुष्कळ हलका होतो. २ वरून १ वर यायचे आणि दिवसाला ८ लिटरच गाळायचे, तर दिवसाचे ८ मिलिग्रॅम झाले. महिन्याला अडीच किलोच्या आत वीट पुरते. कोणती गाळणी, हे आधी पाणी आणि कुटुंब पाहूनच ठरवता येते.

हाडांच्या कोळशाचेही दोन शब्दांत सांगतो. तो स्वस्त आहे, ॲल्युमिन्याच्या तोडीचे काम करतो आणि केनियात नाकुरू भागात वापरातही आला. हाडे हवा मर्यादित ठेवून नेमक्या आचेवर भाजावी लागतात. आच कमी पडली तर पाण्याला वास व रंग येतो, फार झाली तर हाड पांढरे पडून त्याचा गुण जातो. पण आपल्याकडे अडचण आचेची नाही. ज्या घरात हाड उंबऱ्याच्या आत येत नाही, त्या घराला त्या कोळशातून निघालेले पाणी प्या म्हणून सांगणे व्यर्थ आहे. हा नकार रसायनाने खोडता येत नाही, आणि तो खोडण्याच्या मागे लागू नये असे मला वाटते.

आता एक इतिहास सांगतो, आणि तो आपल्या नागपूरचा आहे. १९५८ साली तेथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून तिला ‘नीरी’ म्हणतात. या संस्थेने स्वस्त अधिशोषकांचा विचार फार आधी केला. लाकडाच्या भुशावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून, तो तुरटीच्या पाण्यात भिजवून ‘डिफ्लोरॉन-१’ तयार झाला. तो फ्लोराइड धरी, पण वाहत्या पाण्यात झिजून जाई आणि पाणी त्याच्यातून नीट वाहत नसे. मग १९६८ साली भुशाऐवजी दगडी कोळसा घेऊन ‘डिफ्लोरॉन-२’ झाला. तो टिकला, तुरटीच्या द्रावणाने पुन्हा ताजाही करता येई. तरी तो ताजा करण्याचे आणि संयंत्र सांभाळण्याचे काम कुशल माणसावाचून होईना, आणि गावात तो माणूस नव्हता. शेवटी १९७५ च्या सुमारास त्याच संस्थेने अधिशोषकाचे खोके बाजूला ठेवून ‘नालगोंडा तंत्र’ पुढे आणले : पाण्यात चुना, ब्लीचिंग पावडर व तुरटी घालायची, ढवळायचे, साका बसू द्यायचा आणि वरचे पाणी गाळून घ्यायचे. बादलीत करता येणारी ही कृती गावातील कोणालाही शिकवता येत होती. तिचेही दोष आहेत : तुरटी बरीच लागते, साक्याची विल्हेवाट लावावी लागते, मात्रा चुकली तर ॲल्युमिनियम पाण्यात उतरते, आणि ही खटपट रोज करावी लागते. परंतु शास्त्रज्ञांनी स्वतःच्याच चांगल्या शोधाला, गावात तो चालवणारा नाही म्हणून बाजूला ठेवले, ही गोष्ट मला त्या तंत्राइतकीच महत्त्वाची वाटते.

एक अडचण मात्र सर्व अधिशोषकांना सारखीच आहे, आणि ती मला पुस्तकाऐवजी शिबिरात समजली. शेजारच्या एका गावात काही वर्षांपूर्वी एका संस्थेने (नाव सांगण्याचे कारण नाही) घरोघर गाळण्या दिल्या होत्या. एका आजींच्या घरी ती गाळणी अजून चालू होती. पाणी रोज तिच्यातूनच गाळले जाई. आतला अधिशोषक शेवटी कधी बदलला, हे कोणालाच आठवत नव्हते. आम्ही गाळणीच्या वरचे आणि खालचे पाणी तपासले. दोन्ही नळ्यांतील रंग सारखाच पिवळा निघाला. आजींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “पयले बी पानी असंच निर्मळ होतं, आता बी तसंच हाये. मंग मले कसं समजन बाबू?”

या प्रश्नाला उत्तर नाही. साधी कापडाची गाळणी तुंबली की पाणी थांबते आणि आपल्याला कळते. अधिशोषकाची आसने भरली तरी पाणी थांबत नाही. ते तितकेच नितळ, तितकेच वेगाने खाली येत राहते, फक्त फ्लोराइडसकट. थकलेली गाळणी आणि ताजी गाळणी डोळ्यांना एकच दिसतात. म्हणून माझ्या मते घरगुती गाळणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग गाळणीच्या बाहेर असतो : तपासणीची ती छोटी पेटी, आणि ती घेऊन महिन्यातून एकदा दारात येणारे माणूस. कानपूरच्या आय.आय.टी.ने आणि युनिसेफने राजस्थानातील डुंगरपूर भागात ॲल्युमिन्याच्या घरगुती गाळण्या आणल्या, तेव्हा त्यांनाही भुकटीइतकाच विचार ती ताजी करून देण्याच्या व्यवस्थेचा करावा लागला. ॲल्युमिना ताजा करायचा तर आधी कॉस्टिक सोड्याने फ्लोराइड सोडवायचे आणि मग सौम्य आम्लाने धुवायचे. हे काम घरच्या न्हाणीत होण्याजोगे नाही. गावात एखाद्याच ठिकाणी, शिकवलेल्या माणसाकडून ते व्हायला हवे.

येथे आमच्यासारख्या महाविद्यालयांना करण्याजोगे काम आहे असे मला वाटते. भुकटी शोधण्याच्या आधी गावातील प्रत्येक विहीर, हापशी आणि बोअर तपासून नकाशावर मांडावे. आमच्या शिबिराच्या गावी एका पाणवठ्याचे पाणी गडद पिवळे निघाले आणि हाकेच्या अंतरावरील जुन्या विहिरीचे लालच राहिले. ती विहीर उपसून, वर झाकण टाकून, पाण्यात नियमाने ब्लीचिंग पावडर टाकता आली, तर पिण्यापुरते पाणी कोणत्याही अधिशोषकावाचून मिळते. जेथे अशी विहीर नाही आणि दुरून नळाचे पाणी अजून आलेले नाही, तेथेच गाळणीकडे वळावे. या कामाला रसायनाची पदवी लागत नाही. नकाशा भूगोलाच्या विद्यार्थ्याने काढावा, घरोघरी पाणी कोण भरते आणि किती भरते याची नोंद समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने घ्यावी, आणि वर केला तसला हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने माझ्याहून बरा करावा.

राहता राहिला वापरून झालेला अधिशोषक. त्याविषयी निबंधांत फार कमी लिहिलेले असते. महिनाभराचे फ्लोराइड अंगावर घेतलेला चुरा हापशीच्या ओट्याशेजारी ओतला, तर पावसाच्या पाण्याबरोबर त्यातील काही भाग पुन्हा जमिनीत उतरण्याची भीती असते. म्हणून तो पाणवठ्यापासून दूर, पाणी साचणार नाही अशा उंच जागी साठवावा. वीट असेल तर सिमेंटच्या मिश्रणात घालून ठोकळे करावेत, म्हणजे फ्लोराइड बरेचसे बांधले जाते. ॲल्युमिना धुतलेले पाणीही असेच जपून हाताळावे लागते. त्यात फ्लोराइड गाळण्यापूर्वीच्या पाण्याच्या कितीतरी पट अधिक असते, आणि येथे मात्र मघाशी नापास केलेला चुना उपयोगी पडतो. एवढ्या दाट पाण्यात तो टाकला की बहुतेक फ्लोराइड साक्याच्या रूपाने खाली बसते.